उन्हाळी बरबटी

रामकृष्ण लांजेवारने आयुष्यात जे काही पारखलं ते वजनावर पारखलं. रायपुरात, भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत बत्तीस वर्षं त्याने हमाली केली. आधी तांदळाची क्विंटलभराची पोती, पुढे सिमेंटच्या गोण्या, अधूनमधून लोखंडी सळयांचे भारे. पोत्याला लोखंडी आकडा लावून नुसतं हलवलं की आत माल किती आणि ओल किती हे त्याला कळायचं. हलकं पोतं हाती आलं की तो तोंड वाकडं करायचा. हलकं म्हणजे कोणीतरी काढून घेतलेलं, नाहीतर किडीने खाल्लेलं. बासष्टाव्या वर्षी कंबर धरली, तेव्हा तो घरी बसला. तळहात मात्र तसेच राहिले, जाड आणि मुके. उकळत्या चहाचा पेला तो उघड्या हाताने धरायचा.

घर भनपुरीतच, मोठ्या रस्त्यामागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. दोन खोल्या, पुढे नळ, मागे सहा हात रुंद आणि वीस हात लांब जमिनीची पट्टी. ती पट्टी मंदाकिनीची, त्याच्या बायकोची. तुमसरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती तिथे पावसाळ्याच्या शेवटी वाल लावायची आणि होळी झाली की बरबटी. बरबटी म्हणजे चवळीच्या कोवळ्या शेंगा. रायपूरच्या उन्हात ज्या मोजक्या भाज्या तग धरतात त्यातली ही एक. रामकृष्ण गोदामातून यायचा, हातपाय धुवायचा, ताटात असेल ते खायचा. शेंगा कधी लावल्या, पाणी कोणी घातलं, हे त्याने कधी विचारलं नाही. ते काम आहे असंच त्याला वाटत नसे. त्यात उचलायचं काय होतं?

जानेवारीत मंदाकिनीला लकवा मारला. सकाळी चहा गाळताना गाळणी पडली. ती उचलायला तिने हात पुढे केला, पण हात गेलाच नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. बावीस दिवस दवाखान्यात काढले. नाकातून नळी घालून तिला पातळ अन्न द्यायचे. घरी आणल्यावर तिने डाव्या हाताने ती नळी उपसून टाकली. पुन्हा घातली, पुन्हा उपसली. मग डॉक्टर म्हणाले, बरं, तोंडाने देऊन बघा, पण मऊ शिजवून, घोटून. त्या दिवशी तिचं वजन त्रेचाळीस किलो भरलं.

"छत्तीसच्या खाली गेलं तर पुन्हा नळी," डॉक्टर म्हणाले. "आणि मग हात बांधून ठेवावे लागतील. नाहीतर त्या परत काढतील."

हे ऐकताना रामकृष्ण डॉक्टरांच्या डोक्यावरचा पंखा बघत होता. पंखा एका अंगाला थोडा कललेला होता. नंतर त्याला आठवायचं ते एवढंच. वाईट वाटायला हवं होतं, पण काही वाटलं नाही. पाठीवर पोतं असलं की माणूस पाय कुठे टाकायचा तेवढंच बघतो. जानेवारीपासून तो तसाच चालत होता.

सून रूपाली सासूला भरवायची. पेज, दलिया, वरणाचं पाणी. मंदाकिनी चार चमचे घ्यायची आणि ओठ मिटायची. पाचवा चमचा लावला की मान फिरवायची. मुलगा गौतम शंकर नगरमध्ये एका कुरिअरच्या ऑफिसात होता, संध्याकाळी यायचा आणि दारातून विचारायचा, "खाया क्या कुछ?" रूपाली मान हलवायची. तो बूट काढायचा.

होळी झाली. त्या आठवड्यात रामकृष्णला आठवलं, की उन्हाळ्यात मंदाकिनीला बरबटीशिवाय दुसरी भाजी लागत नसे. वेलाजवळ उभी राहून कच्चीच खायची. रूपालीने बाजारातून पावभर आणून पाहिली, मऊ शिजवून, घोटून दिली. मंदाकिनीने तो घास तोंडात धरून ठेवला आणि मग पदरावर थुंकला.

"बाजारातली हाये म्हणून," रामकृष्ण म्हणाला. "घरची लावतो."

"तुम्हाले येते का लावता?" रूपालीने विचारलं.

"त्यात काय येयाचं हाये? माती उकरायची, बी टाकायचं, पाणी द्यायचं."

रूपाली भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज थोडा वाढला.

मंदाकिनीचं बी मोरीवरच्या फळीवर दूध-पावडरीच्या तीन डब्यांत होतं. दर होळीला ती विझलेल्या होळीची राख चाळून आणायची आणि त्या राखेत बी ठेवायची, कीड लागू नये म्हणून. डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. तिला लिहायची गरज नव्हती. रामकृष्णने तिन्ही डबे उघडून बी तळहातावर घेतलं, राख फुंकली. एकातलं तांबडं, सडपातळ. दुसऱ्यातलं पिवळट, बारीक, काळ्या डोळ्याचं. तिसऱ्यातलं काळं, टपोरं, कडेला पांढरी रेघ असलेलं. त्याने हात वरखाली करून वजन बघितलं. तिसरं हाताला लागत होतं. पहिले दोन डबे त्याने झाकण लावून फळीवर ठेवून दिले. ते मागच्या सालचं उरलेलं, वाळकुडं बी असावं असं त्याने ठरवलं.

त्याने एक दिवस पट्टी खणली. दुसऱ्या दिवशी भिजवली, तिसऱ्या दिवशी आळी केली. मंदाकिनीला खुर्चीत घालून मागच्या दारात बसवलं. तो पहिलं बी मातीत घालणार तेवढ्यात तिने डावा हात वर केला. घशातून आवाज काढला. मान हलवली, एकदा नाही, सारखी.

"काय वं? ऊन लागून राहिलं का?" त्याने खुर्ची सावलीत सरकवली.

तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली. पुन्हा मारली. तोंडातून लाळ आली. बोटाने ती घराच्या आत कुठेतरी दाखवत होती.

"आत जायाचं म्हणते," तो म्हणाला.

रूपाली आली. "आई थकल्या, बाबूजी. दवाई पण राहिली." दोघांनी मिळून तिला आत नेऊन खाटेवर निजवलं. मंदाकिनीने भिंतीकडे तोंड केलं. रामकृष्ण परत आला आणि चोवीस आळ्यांत दोन-दोन बिया घालून मोकळा झाला. काम चोख झालं होतं. दोन आळ्यांमधलं अंतर कुठे बोटभरही कमीजास्त नव्हतं.

सहाव्या दिवशी कोंब आले, दहाव्या दिवशी पानं. रामकृष्णने बांबू रोवले, सुतळी ताणली. नळ सकाळी सहाला यायचा आणि पाऊण तासात जायचा. तेवढ्यात घरचं पाणी भरून मागच्या पट्टीला सोळा बादल्या. नळापासून पट्टी चाळीस पावलं. कंबर दुखायची, पण त्या दुखण्याशी त्याची जुनी ओळख होती.

"बाबूजी, ट्रक भरून राहिले का तुम्ही?" रूपाली म्हणायची. "रोप हाये ते. बुडन बिचारं."

"उन्हाळा हाये पोरी. पाणी तर लागनच."

वेल वाढले. एप्रिलच्या शेवटी सुतळीवरून भिंतीवर, भिंतीवरून मोरीच्या टिनावर गेले. पानं तळहाताएवढी, गडद. आजूबाजूला सगळं करपलेलं असताना लांजेवारांच्या मागे हिरवा डोंगर उभा होता. पाऱ्यातल्या बाया बघायला यायच्या. फूल एकही नव्हतं. रामकृष्ण रोज संध्याकाळी पानं बाजूला करून बघायचा. मग त्याने शेणखत घातलं. बादल्या सोळाच्या वीस केल्या. पानं अजून मोठी झाली.

मंदाकिनीची खुर्ची तो रोज दारात ठेवायचा, तिला दिसावं म्हणून. पहिल्या दिवसानंतर तिने पुन्हा हात वर केला नाही. ती वेलांकडे बघायची नाही. पलीकडच्या घराच्या पाण्याच्या टाकीकडे बघत बसायची. एप्रिलमध्ये वजन चाळीस झालं. मेच्या पहिल्या आठवड्यात अडतीस. डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली.

भैय्यालाल आला तो मेच्या मध्यात. गोदामात रामकृष्णच्या जोडीने त्याने वीस वर्षं माल उतरवला होता. त्याच्या घरची मूळची बाडी खारून नदीच्या काठाला, भाजीपाल्याची. त्याला मराठी सगळं समजायचं, बोलायचा मात्र छत्तीसगढी, नाहीतर हिंदी. वहिनीची तब्येत विचारायला आला आणि पाण्याचा पेला घेऊन मागे गेला. तिथे तो बराच वेळ उभा राहिला. एक पान खुडलं, उलटं करून बघितलं, वास घेतला.

"का लगाए हस गा?" त्याने विचारलं. काय लावलंस बाबा?

"बरबटी."

भैय्यालाल हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, असं रामकृष्णला नंतर वाटलं. "ये बरबट्टी नोहे गा. सेमी हे."

सेमी म्हणजे वाल. थंडीचा वाल. त्याने उकिडवं बसून सावकाश समजावलं. दिवस मोठे असेपर्यंत ह्याला फूल येत नाही. किती पाणी घाल, किती खत घाल, हा पानंच काढणार. दिवस लहान झाले, दिवाळी गेली, की मग फुलणार. शेंग खायची तर अगहनात, मार्गशीर्षात.

"पाणी कम पडलं का?" रामकृष्णने विचारलं.

"पानी तो तैं जादा दे हस." पाणी तर तू जास्तच दिलंस. "मेहनत में कोई कमी नहीं है, रामकिसन. चीज ही दूसरी है."

रामकृष्ण वेलाकडे बघत उभा राहिला. मार्गशीर्ष म्हणजे सहा महिने. अडतीसाचे छत्तीस व्हायला किती दिवस लागतात हे त्याला कळत होतं. आणि मग दुसरी गोष्ट कळली, हळूच, पोतं खांद्यावरून घसरायला लागतं तशी. हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बोट आत दाखवत होती ते खाटेकडे नव्हे, मोरीवरच्या फळीकडे. त्यानंतर दोन महिने ही इथे बसून आपल्याला वालाला पाणी घालताना बघत होती.

तो आत गेला. फळीवरचे तिन्ही डबे काढले. तीन ताटल्यांत तिन्ही बिया ओतल्या आणि मंदाकिनीच्या खुर्चीपुढे जमिनीवर मांडल्या. मग तो स्वतः खाली बसला. तिच्यापुढे असा खाली तो कधी बसला नव्हता.

"मंदा," तो म्हणाला, "यातलं कोणतं लावू?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रूपाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. भैय्यालालने पेला खाली ठेवला. मंदाकिनीने एकेक ताटली बघितली. मग डावा हात खाली सोडला. हात पुरेना म्हणून रामकृष्णने ताटल्या उचलून तिच्या मांडीवर धरल्या. तिने काळ्या बियांची ताटली बाजूला ढकलली. तांबड्या बिया बोटांनी चाळवल्या, दोन उचलल्या. मान वळवून बाहेर उन्हाकडे बघितलं. त्या परत टाकल्या. आणि तिसऱ्या ताटलीतल्या बारीक पिवळट बियांवर तळहात ठेवला.

"हे?" रामकृष्ण म्हणाला. "हे तर सगळ्यात हलकं हाये."

तिने तळहात उचलला नाही.

"भउजी सही कह रही हैं," भैय्यालाल म्हणाला. तांबडी म्हणजे उंच वेलाची बरबटी, हातभर शेंगेची, पण तिला शेंग धरायला दोन महिने लागतात. ही बुटकी. गुडघ्याएवढं झाड, वीतभर शेंग, दीड महिन्यात खायला येते. होळीला लावायची असती तर तिने तांबडी दिली असती. आता दिवस उरले नाहीत म्हणून बुटकी.

रामकृष्णने विचारलं, "अन् वालाचं काय करू? राहू देऊ?"

मंदाकिनीने मूठ वळली आणि हवेत ओढल्यासारखी खेचली. मग एक बोट वर केलं.

"एक ठेवायचा?"

तिने डोळे मिटून उघडले.

रामकृष्ण त्याच संध्याकाळी विळा घेऊन लागला. कोपऱ्यातला एक वेल ठेवला, बाकीचे मुळासकट काढले. टिनावर चढलेले खाली ओढताना त्यांनी टिन सोडलं नाही, तोडावे लागले. साठ दिवस पाणी घालून वाढवलेलं सव्वा तासात उपटून झालं. हिरव्या पाल्याचा ढीग भैय्यालालने गाईसाठी सायकलला बांधून नेला. तीन फेऱ्या लागल्या. रामकृष्णला काही वाटतंय का हे रूपालीने दोनदा त्याच्याकडे बघून पाहिलं. तो बांबू पुसून भिंतीला लावून ठेवत होता. बुटकीला बांबू लागत नाहीत.

पेरणी मंदाकिनीने करवून घेतली. खुर्ची पट्टीच्या तोंडाशी. त्याने बोट मातीत पुरं खुपसलं की ती मान हलवायची. त्याने बोटाचं एक पेर घातलं की गप्प. पाणी बादलीने ओतायला गेला तर थाप. शेवटी रूपालीने डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडून दिली, तेव्हा थाप थांबली.

"आता आलं लक्षात," रूपाली म्हणाली. "मले पण भाजी फोडणीला घालताना अशाच थापा पडायच्या. बोलता येत होतं तेव्हा."

मंदाकिनीच्या तोंडाची डावी बाजू थोडी हलली. ते हसू होतं की काय, सांगता येत नव्हतं.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पंचेचाळीस, सेहेचाळीस डिग्री. सकाळी आठलाच जमिनीला हात लावता येईना. रामकृष्णने गोदामातून जुनी पोती आणली, बांबूंवर ताणून पट्टीवर सावली केली आणि दिवसातून दोनदा पोतीच भिजवली. पाणी आता सहा बादल्या. उरलेल्या वेळात काय करावं हे त्याला सुचत नसे. तो खुर्चीजवळ बसून राहायचा. दोघंही मातीकडे बघायचे. पाचव्या दिवशी माती तडकली आणि वाकड्या मानेचे कोंब वर आले. त्याने मोजले नाहीत. तिने मोजले, बोटांनी, हवेत. एका ठिकाणी आलं नव्हतं, ते तिने दाखवलं. त्याने तिथे दुसरं बी घातलं.

जूनमध्ये पाऊस आला. पोती काढली. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढला, तिळासारखा दाट. रामकृष्ण दुकानातून औषध आणतो म्हणाला. तिने मान हलवली आणि फळीवरचा राखेचा डबा दाखवला. भैय्यालालच्या चुलीतली राख आणून पहाटेच्या दवावर टाकली, तीन दिवस. मावा गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जांभळट पांढरी फुलं आली. त्याच आठवड्यात वजन साडेछत्तीस भरलं.

"पंधरा जुलैला या," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा ठरवू. त्यांना आधी समजावून ठेवा."

परतताना ई-रिक्षात मंदाकिनीचा डावा हात नाकाशी होता. तिला समजावायची गरज नव्हती.

जुलैच्या चौथ्या दिवशी रामकृष्णने पहिल्या शेंगा तोडल्या. मंदाकिनी झोपली होती. उठवावंसं वाटलं नाही. त्याने झाडं चाचपली. बोटांना कोवळं काय आणि जून काय ते कळत नव्हतं, मग त्याने नेहमीचं माप लावलं. भरलेल्या, जाड, दाणा फुगलेल्या तोडल्या. बारीक होत्या त्या वाढू दे म्हणून ठेवल्या. ताटली चांगली जड झाली.

रूपालीने दोन शिट्ट्या जास्त दिल्या, डाळीबरोबर घोटलं. मंदाकिनीने वास घेतला आणि तोंड उघडलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा चमचा जवळ यायच्या आधी उघडलं. दुसऱ्या घासाला शेंगेची शीर घशात अडली. ती खोकायला लागली. खोकला थांबेना. ओठ काळे पडले, डोळे वर गेले. रूपालीने तिला पुढे वाकवून पाठीवर मारलं, बोट घालून घास काढला. ताटली खाली पडली होती. मंदाकिनी श्वास घेत होती, शिट्टीसारखा.

"दोर हायेत नुसते," रूपाली म्हणाली. ती सासूचं तोंड पदराने पुसत होती. "बाबूजी, असं कोणी तोडते का? हे बियाले ठेवतात, खायाले नाई. गाठोडं नाई वाह्यचं तुम्हाले, शेंग तोडायची हाये."

रामकृष्णने फडकं आणून फरशी पुसली. मग तो मोरीत जाऊन हात धूत उभा राहिला. साबण लावला, धुतले, पुन्हा साबण लावला. संध्याकाळी गौतमला रूपालीने सांगितलं. तो दारातच बसला. "नली ही लगवा देते हैं, बाबूजी," तो म्हणाला. "कम से कम जिंदा तो रहेगी."

"पंधराले ठरवू," रामकृष्ण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नळ गेल्यावर तो खाटेपाशी गेला. "मंदा, तू तोडतं का?" एवढंच विचारलं. तिने डावा हात पुढे केला. रूपालीच्या मदतीने त्याने तिला खुर्चीत घातलं, खुर्ची उचलली, बायकोसकट. छत्तीस-सदतीस किलो, खुर्चीचे तीन. चिखलात पाय रोवत पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवली आणि खुर्चीचा एक पाय विटेवर टेकवून ती सरळ केली.

मंदाकिनी वाकली. डाव्या हाताला हे काम कधी नव्हतं. तिने एक शेंग दोन बोटांत धरली, सोडून दिली. दुसरी धरली. पेन्सिलीपेक्षा बारीक, आत दाणा धरलेला नाही अशी. अंगठ्याने देठ दाबला. देठ तुटेना. एरवी उजव्या हाताने झाड धरलं असतं. रामकृष्णने झाड धरायला हात पुढे केला. तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. त्याने हात मागे घेतला.

तिने कोपराने झाड मांडीशी दाबलं आणि शेंग तोडली. वाकवली. शेंग मधोमध कट्कन मोडली, धागा न सुटता. ती तिने त्याच्या तळहातावर ठेवली. मग त्याच झाडावरची एक जाड शेंग ओरबाडून काढली, वाकवली. ती मोडली नाही, नुसती वाकली. ती लांब फेकून दिली. तिसरी पुन्हा मोडून त्याच्या हातावर. तळहाताला काही कळत नव्हतं. पण मोडल्याचा आवाज येत होता. आवाज त्याला कळत होता.

मूठभर शेंगांना पाऊण तास लागला. रामकृष्ण ताटली धरून उभा होता. बत्तीस वर्षांत त्याने असा पाऊण तास कधी उभ्याने काढला नव्हता, हात रिकामे, समोर कोणीतरी राबत असताना. ट्रकच्या तोंडाशी असा उभा राहणाऱ्याला बाकीचे हमाल काय म्हणायचे ते त्याला माहीत होतं. त्याने जागा सोडली नाही. ताटलीला वजन असं नव्हतंच.

रूपालीने त्या मुगाच्या डाळीत शिजवल्या. घोटायची फार गरज पडली नाही. मंदाकिनीने सगळी वाटी खाल्ली. खोकला आला नाही. रूपालीने वाटी पुन्हा भरली. तिने अर्धी खाऊन ओठ मिटले. उरलेली अर्धी वाटी रामकृष्णने तिथेच बसून संपवली. त्याला चव वेगळी लागली असं नाही. मऊ होती.

पुढचे दहा दिवस तेच. सकाळी नळ, मग खुर्ची. एक दिवसाआड तोड, मधल्या दिवशी आदल्या दिवसाचं डाळीत. बुटकी तोडली की परत फुलते, ठेवली की दमते. हे भैय्यालालने सांगितलं आणि मग रामकृष्णने पाहिलं. जाड झालेल्या शेंगा मंदाकिनी आता फेकत नसे. चार झाडांवर चिंधी बांधायला लावली, त्यांना हात लावायचा नाही, ते बियाला. बाकीच्या सगळ्या बारीक असतानाच तोडायच्या. एके दिवशी रामकृष्णने तिच्या आधी एक तोडली, कानाजवळ धरून मोडली आणि तिच्यापुढे धरली. तिने घेतली. ताटलीत टाकली.

पंधरा जुलैला पाऊस होता. दवाखान्यात मंदाकिनीला काट्यावर दोघांनी धरून उभं केलं, मग सोडलं, मग पुन्हा धरलं. डॉक्टर वाकून बघत होते. साडेछत्तीस. तेवढंच.

"वाढलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण घटलंही नाही. काय देता?"

"बरबटी," रामकृष्ण म्हणाला.

"खोकला?"

"एकदा आला होता. माही चूक होती."

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, मग कागदावर लिहिलं. "चालू द्या. पुढच्या महिन्यात बघू. नळीचं आत्ता नको."

ई-रिक्षात ताडपत्रीतून पाणी आत येत होतं. भनपुरीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. रिक्षा थांबली. रामकृष्णने मंदाकिनीच्या पायांवर प्लास्टिक नीट केलं. आनंद झाला असं म्हणता येणार नव्हतं. खांद्यावरचं ओझं उतरलं नव्हतं, फक्त दुसऱ्या खांद्यावर आलं होतं, आणि तेवढ्यात माणूस दोन पावलं जास्त चालतो.

"मंदा," तो म्हणाला, "उद्या तोडायच्या का?"

तिने बाहेर पावसाकडे बघितलं. विचार केला. मग मान हलवली आणि दोन बोटं वर केली.

"परवा," रामकृष्ण म्हणाला. "बरं."

पुढचा ट्रक हलला.